साथीचे पहिले दोन दिवस घरालाच काढावे लागतात

उमरी (जि. नांदेड) : मृगाचा पाऊस तोंडावर आला, की उमरी तालुक्यातील शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. सोयाबीनचे बियाणे, खताच्या गोण्या, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरांची जुळवाजुळव यांचा हिशेब वैशाखातच मांडला जातो. तयारी नसेल तर हंगाम हातचा जातो, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. याच पावसाबरोबर विहिरीत, आडात आणि नळाच्या फुटक्या वाहिनीत गढूळ पाणी शिरते. त्याच्याशी दोन हात करण्याची तयारी मात्र फार थोड्या घरांत आढळते. पेरणी आणि पोटाच्या विकारांची साथ, दोन्ही एकाच सुमारास येतात. एकीची वाट पाहिली जाते, तर दुसरी दरवर्षी अचानक आल्यासारखी वाटते.

ती अचानक येत नाही, याचा पुरावा लांब शोधायला नको. जून २०२४ च्या अखेरीस शेजारच्या नायगाव तालुक्यातील मुगाव तांडा येथे विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने ९३ जणांना पोटदुखी, उलट्या व जुलाबांचा त्रास झाला. वस्ती अवघी १०७ घरांची, लोकसंख्या सुमारे ४४०. म्हणजे दर पाच माणसांमागे एक जण दोन दिवसांत आजारी पडला. बहुतेकांवर तांड्यातच उपचार झाले, उरलेल्यांना हलवावे लागले आणि ती विहीर बंद करण्यात आली. त्याच सुमारास नांदेड शहरालगतच्या नेरली गावातही दूषित पाण्यामुळे शेकडो ग्रामस्थ आजारी पडले. दोन्ही ठिकाणी आरोग्य पथके पोहोचली. मात्र पथक पोहोचते ते रोगी झाल्यानंतर. त्याआधीचा काळ प्रत्येक कुटुंबाने आपापल्या उंबऱ्याआतच काढलेला असतो.

साथीच्या आजारांसाठी घराने काय तयारी ठेवावी, या प्रश्नाचे खरे उत्तर या काळात दडलेले आहे. घर साथ रोखू शकत नाही. घर पहिले दोन दिवस निभावू शकते. त्या दोन दिवसांत मूल वाचते किंवा दगावते, आजार एका घरात राहतो किंवा गल्लीभर पसरतो.

दोन दिवसांचे गणित

दूषित पाणी पोटात गेल्यानंतर लक्षणे दिसण्यास काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा अवधी लागतो. पटकीच्या बाबतीत तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा असतो. पहिला रुग्ण आढळतो तेव्हा घरातील मंडळी शिळे खाल्ले असेल किंवा आंबे बाधले असतील, असे म्हणून विषय सोडून देतात. दुसऱ्या घरात रुग्ण निघतो, तो पहिल्या घराला कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत आजार पोहोचल्यावर कोणीतरी आशा कार्यकर्तीला सांगते. ती प्राथमिक आरोग्य केंद्राला कळविते, मग पथक निघते, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि अहवाल येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. आता माहिती संगणकावरून क्षणार्धात वर जाते. तथापि ती माहिती सुरू होते ती घरातूनच. घरच गप्प बसले तर संगणक काय करणार?

यात उमरीसारख्या तालुक्यातील एक विशेष अडचण लक्षात घेतली पाहिजे. पेरणीच्या दिवसांत घरातील कर्ती माणसे सकाळीच रानात जातात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. मुलाला जुलाब सुरू होतात ते बहुधा आजीच्या समोर. आई संध्याकाळी परत येईपर्यंत मूल कोमेजून गेलेले असते. लहान मुलाच्या शरीरातील पाणी काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते. म्हणून घराच्या तयारीविषयी जे काही सांगायचे, ते घरात थांबणाऱ्या आजी-आजोबांना सांगितले पाहिजे. आरोग्य शिक्षणाची पत्रके वाचू शकणारी माणसे त्या वेळी घरी नसतात.

मानमोडी, पटकी आणि नारू

मराठवाड्यातील जुनी पिढी साथींना अनोळखी नव्हती. पटकी, देवी, गोवर, प्लेग ही नावे घराघरांत होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्राने मानमोडी असे नाव दिले होते. प्लेगमध्ये उंदीर मरू लागले, की गाव मोकळे करून रानात झोपड्या घालून राहण्याची पद्धत होती. औषध हाती नसलेल्या काळातील ती तयारी होती. रोगाचे कारण नेमके ठाऊक नसतानाही घर सोडण्याचा निर्णय वेळेवर घ्यावा लागतो, एवढे त्या पिढीला अनुभवाने कळले होते.

त्याहून बोलके उदाहरण नारूचे आहे. पायातून दोऱ्यासारखी अळी बाहेर पडण्याचा हा आजार पायऱ्यांच्या विहिरींतून आणि बारवांतून पसरत असे. त्यावर लस नव्हती, परिणामकारक औषधही नव्हते. उपाय दोनच होते. घरोघरी दुहेरी फडक्याने पाणी गाळून घेणे आणि माणसांचे पाय पाण्यात बुडणार नाहीत अशा रीतीने विहिरींची रचना बदलणे. पहिले काम घरातील बाईचे, दुसरे सरकारचे. दोन्ही कामे चिकाटीने झाली आणि जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातील शेवटचा रुग्ण आढळल्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. नुसत्या फडक्याने नारू गेला नसता आणि नुसत्या विहिरी बांधूनही गेला नसता. आजच्या साथींचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

मामल्याचा धडा

१९९४ मध्ये मराठवाड्याला प्लेगने पुन्हा गाठले. बीड जिल्ह्यातील मामला या गावात ऑगस्टमध्ये पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या आणि उंदीर मरत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. पाठोपाठ माणसांना काखेत व जांघेत गाठी येऊ लागल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांत राहिलेले धान्य, मदत म्हणून आलेल्या धान्याचा साठा आणि त्यामुळे वाढलेले उंदीर यांच्याशी काही अभ्यासकांनी या साथीचा संबंध जोडला. पुढे सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या.

मामला आणि सुरत ही दोन नावे एकत्र ठेवून पाहिली, तर घराच्या तयारीचे दोन चेहरे दिसतात. मामल्यात धोक्याची पहिली खूण घरातच होती. आढ्यावरून पडलेला मेलेला उंदीर आणि अंथरुणातील पिसवा यांपेक्षा लवकरची सूचना कोणत्याही प्रयोगशाळेने दिली नसती. सुरतेत मात्र भीती रोगाच्या पुढे धावली. ज्याला गरज नव्हती त्याने गोळ्या साठवल्या आणि ज्याला हव्या होत्या त्याला त्या मिळाल्या नाहीत. खूण ओळखून वेळेवर कळविणे ही तयारी होय. भीतीपोटी साठा करणे म्हणजे दुसऱ्याच्या तयारीवर घाला होय. २०२० आणि २०२१ मध्ये मास्क, प्राणवायूची सिलिंडर आणि रेमडेसिविर यांच्या बाबतीत हेच चित्र अधिक मोठ्या प्रमाणात पाहावे लागले.

पाण्याचे भांडे, ओगराळे आणि पुडी

मग घराने नेमके काय करावे? उमरीच्या बाजारात न मिळणारी किंवा खिशाला न परवडणारी एकही वस्तू या यादीत येत नाही.

पहिली गोष्ट पिण्याच्या पाण्याची. वापरायचे आणि प्यायचे पाणी वेगळ्या भांड्यांत असावे. पिण्याच्या भांड्याला झाकण आणि पाणी काढायला लांब दांडीचे ओगराळे असावे. स्वच्छ पाणी घरी आल्यानंतर दूषित होते, ते बहुधा हंड्यात बुडणाऱ्या हातामुळे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. मात्र तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतीलच असे नाही. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून मग पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळणे पुरेसे असते. ज्यांना सरपण किंवा गॅस रोज परवडत नाही, त्यांनी आशा कार्यकर्तीकडून किंवा औषध दुकानातून क्लोरीनचे द्रावण आणावे. बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि पाणी अर्धा तास झाकून ठेवून मगच प्यावे. थोडा वास आला म्हणून पाणी फेकू नये. तो वास औषधाचे काम सुरू असल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट जलसंजीवनीची, म्हणजेच ओआरएसची. घरात किमान चार पुड्या कायम असाव्यात. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवायची असते. थोडी आज, थोडी उद्या असे केल्यास मिठाचे प्रमाण चुकते. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा, मोठा नव्हे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध आणि मऊ अन्न बंद करू नये. जुलाब लागले की पाणी तोडायचे, हा जुना समज अनेक मुलांच्या जिवावर उठला आहे. याशिवाय मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस दिल्याने आजाराचा जोर कमी होतो. सहा महिन्यांवरील मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम असे प्रमाण असून गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात.

तिसरी गोष्ट साबणाची. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यानंतर आणि स्वयंपाकाला बसण्यापूर्वी साबणाने हात धुतल्यास जुलाबांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून आढळले आहे. साबण घरोघरी असतो. तो बहुधा न्हाणीत असतो, हात धुण्याच्या जागी नसतो. प्रश्न पैशाचा कमी आणि जागेचा अधिक आहे.

चौथी गोष्ट कागदांची. मुलांचे लसीकरण कार्ड, आयुष्मान किंवा शिधापत्रिका, रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची औषधाची चिठ्ठी आणि आशा, आरोग्य केंद्र व १०८ रुग्णवाहिकेचे क्रमांक एका पिशवीत असावेत. लसीकरण कार्डाचे महत्त्व २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावातील गोवराच्या साथीने दाखवून दिले. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान अशी दोनदा घ्यावी लागते. ऊसतोडीला किंवा हैदराबाद-निजामाबादकडे कामाला जाणाऱ्या कुटुंबाचा दुसरा डोस हमखास चुकतो. कार्ड सोबत असेल तर तो कोठेही घेता येतो.

सलाइनचा आग्रह

या यादीत एक गोष्ट मुद्दाम नाही, ती म्हणजे सलाइन. ग्रामीण भागात अशक्तपणा आला की बाटली लावण्याचा आग्रह धरला जातो. पुडीचे पाणी हा गरिबाचा किंवा दुय्यम उपचार आहे, अशी समजूत आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची भीषण साथ पसरली. सलाइन संपत आले होते, रुग्ण जमिनीवर पडून होते. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. परिचारिका पुरेशा नव्हत्या, घरची माणसेच कपाकपाने पाजत राहिली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांच्या कामातून एक गोष्ट सिद्ध झाली. पटकीसारख्या रोगातही पहिला उपचार करणारा डॉक्टर नसला तरी चालतो, जवळची व्यक्ती हवी.

अर्थात पुडीची मर्यादाही घराने ओळखली पाहिजे. मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीची चिमटी घेतल्यावर ती सावकाश खाली बसू लागली, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर एक मिनिटही घरी थांबू नये. उमरीहून नांदेड गाठायला वाहन मिळाल्यावरही तास-दीड तास जातो आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय विष्णुपुरीत, शहराच्याही पलीकडे आहे. रात्री दोन वाजता कोणाची जीप निघेल, सोबत कोण जाईल, मागे जनावरांकडे कोण पाहील, हे आधी ठरलेले असेल तर तो वेळ वाढत नाही. वाटेतही पुडीचे पाणी पाजणे सुरूच ठेवावे.

साठविलेल्या पाण्याचे दुसरे संकट

मराठवाड्यातील घराची आणखी एक अडचण आहे. येथे पाणी साठविल्याशिवाय भागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत बॅरल, हौद, रांजण आणि टाक्या भरून ठेवणे हीच शहाणपणाची रीत ठरते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात साठविलेल्या प्रत्येक घागरीचे मोल लोकांना कळले. मात्र डेंगी आणि चिकुनगुनिया पसरविणारा डास याच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. २००६ मध्ये देशात चिकुनगुनियाचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण आढळले. त्या वर्षी मराठवाड्यातील अनेक गावांत घरटी कोणी ना कोणी सांधे धरून बसले होते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तो आजार महिनोन्‌महिने पुरला.

म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह आरोग्य खाते धरते. भांडी रिकामी करून, आतून घासून, पुसून पुन्हा भरायची. घासणे यात महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाण्याची चणचण असलेल्या घराला हौद ओतून देणे शक्य नसते. तेथे निदान जाड कापडाने तोंड घट्ट बांधून ठेवावे. पाणी वाचविणे आणि डास रोखणे या दोन गोष्टींची सांगड घालणे हे येथील गृहिणीपुढचे रोजचे कोडे आहे. ते सोडवायचे तर नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला हवा. हे मात्र तिच्या हाती नाही.

हातावरचा शिक्का

कोरोनाच्या साथीने घराच्या तयारीची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये राज्यात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. टाळेबंदीत नांदेडच्या श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात हजारो भाविक अडकून पडले. एप्रिलच्या अखेरीस ते पंजाबात परतल्यावर त्यांतील अनेकांना लागण झाल्याचे आढळले. मुंबई, पुणे, हैदराबादहून परतणाऱ्या गावकऱ्यांना ठिकठिकाणी शाळांच्या खोल्यांत ठेवण्यात आले. आजाराइतकीच लाजेची आणि बहिष्काराची भीती तेव्हा होती. परिणामी ताप लपविला गेला, तपासणी टाळली गेली आणि प्राणवायूची पातळी घसरल्यावर माणसे रुग्णालयात पोहोचली.

स्वतंत्र खोलीत राहा, हा सल्ला एका खोलीच्या घरात कसा पाळायचा? त्याचे उत्तर अनेक कुटुंबांनी आपल्या परीने शोधले. कोणी ओसरीवर खाट टाकली, कोणी शेतातील आखाड्यावर मुक्काम हलविला. जुनी पिढी प्लेगमध्ये रानात जात असे, तोच मार्ग शंभर वर्षांनी पुन्हा वापरला गेला. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात रुग्णाची बाज दारा-खिडकीजवळ, वाऱ्याच्या वाटेवर असावी, त्याने आणि जवळच्याने नाक-तोंड झाकावे, म्हातारी माणसे व तान्ही मुले दुसऱ्या बाजूला झोपावीत. शुश्रूषेसाठी एकच धडधाकट व्यक्ती नेमावी. घरात ऑक्सिमीटर असल्यास ९४ च्या खाली आकडा गेला, की वाट पाहू नये. आणि रक्तदाब, मधुमेहाच्या औषधांचा निदान महिनाभराचा साठा असावा. टाळेबंदीत अनेकांची नेहमीची औषधे तुटली आणि कोरोना न होताही त्यांची प्रकृती ढासळली, हे विसरता येणार नाही.

पुढची साथ कोणत्या वाटेने येईल, याचा भरवसा नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तेथेही तोच विषाणू निघाला. माणसाला ही लागण क्वचितच होते आणि नीट शिजविलेले मांस व अंडी सुरक्षित असतात. मात्र परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांनी एक नियम पाळावा. एकाएकी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, उकिरड्यावर फेकू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मामल्यात जे काम मेलेल्या उंदराने केले, ते येथे मेलेला कावळा करीत असतो.

उंबऱ्यापलीकडची जबाबदारी

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविली. घरोघरी तपासणीचा तिचा हेतू योग्य होता. मात्र घोषणा लोकांच्या तोंडी बसली, की तिचा अर्थ बदलतो. आजारी पडलात तर दोष तुमचा, असा तिचा सूर लागू शकतो. मुगाव तांड्यातील ९३ जणांनी काय चूक केली होती? त्यांनी आपल्या वस्तीच्या विहिरीचे पाणी प्यायले, एवढेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, त्यात नावाच्या योगायोगाने नांदेड गावाचाही समावेश होता, गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दोनशेहून अधिक संशयितांची नोंद झाली. तेथेही संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. सदनिकेत राहणारा, गाळण यंत्र परवडणारा माणूसही सार्वजनिक पाण्यापासून पूर्ण सुटू शकत नाही. तांड्यातील मजुराला तर पर्यायच नाही.

सार्वजनिक पाण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदोपत्री स्पष्ट आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकणे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे ओटी चाचणीने पाहणे हे त्याचे काम. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर जलस्रोतांचे सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे जोखीम तीव्र. ऑगस्ट २०१९ पासून राबविण्यात आलेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. यंत्रणा आहे, अडचण आहे ती अंमलात. टीसीएलचे पोते ओल्या खोलीत उघडे पडून राहिले, की त्यातील क्लोरीन उडून जाते आणि विहिरीत पडते ती निव्वळ पांढरी भुकटी. नोंदवहीत मात्र शुद्धीकरण झालेले असते.

येथे घराच्या तयारीचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग येतो. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, मागील ओटी चाचणी कधी झाली, टीसीएल केव्हा खरेदी झाले, हे प्रश्न ग्रामसभेत विचारणे हीसुद्धा घराचीच तयारी आहे. घरकुलाची यादी आणि रस्त्याचे काम यांवर ग्रामसभा तासन्‌तास रंगते. पाण्याचा अहवाल वाचून दाखविण्याचा आग्रह कोणी धरताना सहसा दिसत नाही. तांड्या-वाड्यांचे स्रोत तर मूळ गावाच्या अहवालात अनेकदा हरवून जातात. पहिल्या घरात दोघांना एकाच दिवशी जुलाब लागले, की शेजारी विचारणे आणि आशा कार्यकर्तीला त्याच संध्याकाळी कळविणे, हा दुसरा नियम. यात लाज नाही. उलट पहिल्या घराने तोंड उघडले, तर उरलेली घरे दुसऱ्या दिवशीच्या घागरीपासून वाचू शकतात.

चार पुड्या, एक ओगराळे, झाकण असलेले भांडे, साबण आणि कागदांची पिशवी एवढ्यावर घर पहिले दोन दिवस काढू शकते. तिसऱ्या दिवसापासून पुढचे काम गावाचे आणि शासनाचे असते. घराने आपले दोन दिवस नीट काढले, तर तिसऱ्या दिवसाचा हिशेब मागण्याचा अधिकारही त्याला उरतो. येत्या पेरणीपूर्वी बियाण्याच्या पिशवीसोबत पुड्याही घरी आल्या आणि रानात जाण्याआधी त्या कशा कालवायच्या हे आजीला दाखवून ठेवले, तर उमरीतील घरांची या हंगामातील निम्मी तयारी झाली असे म्हणता येईल. उरलेली निम्मी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आहे. ती उघडून पाहावी लागेल.